वीतभर राहिलेली साडी

तांडापेठ, नागपूर
२५ ऑगस्ट २०२५

चि. गुलाब यास गोदूबाईचे अनेक आशीर्वाद.

परवा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीची मिरवणूक झाली. यंत्रमागांच्या खडखडाटात तुझे कान गेले असले तरी तो आवाज तू तिकडे इचलकरंजीत बसून ऐकला असशील, अशी माझी खात्री आहे. पोरं ओरडत होती, "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत!" मी दारात उभी राहून म्हटलं, "जाता जाता घरटॅक्सही घेऊन जा वं माय." शेजारची शोभाताई हसली. तिला वाटलं, मी थट्टाच करते आहे.

थट्टा नव्हती. गेल्या मंगळवारी महापालिकेच्या झोन ऑफिसातून घरटॅक्सचे जप्तीवाले आले होते. दोन माणसं आणि हर्षा नावाच्या एक मॅडम. घाबरू नकोस, काही नेलं नाही, नुसती यादी केली. पंखा, टीव्ही, आबांचं लोखंडी कपाट. मागापाशी आले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "कारागिराचं अवजार आपण उचलत नाही, ते लिहू नका." मला इतकं बरं वाटलं की मी सगळ्यांना चहा केला. जप्तीवाल्यांना चहा पाजणारी या गल्लीत मी पहिलीच असेन. थोडी बाकी आहे, भरून टाकीन. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि शोभाताईकडून उडत उडत कळण्यापेक्षा मीच कळवलेलं बरं, म्हणून लिहिलं.

माग रोज पुसते. ताण्याच्या उभ्या धाग्यांवर चादर घालून ठेवली आहे. लाल करवती काठाची ती कोशाच्या रेशमाची साडी तशीच आहे, वीतभर राहिलेली. आपल्या करवतीला आडवा धागा टाकणारे तीन धोटे लागतात आणि दोन माणसं लागतात, नाहीतर मीच कधीची उरकून टाकली असती. तू इचलकरंजीला यंत्रमागावर गेलास, त्यानंतर पहिली सात वर्षं दर भाऊबीजेला येऊन तू मागाच्या खड्ड्यात बसायचास, मी खड्ड्याच्या काठावर बसायचे आणि आपण चार चार बोटं विणायचो. गेली चार वर्षं तू आलाच नाहीस. या भाऊबीजेला ये.

चष्म्यासाठी मनीऑर्डर पाठवते आहे. परक्या पोरीकडून पत्र लिहून घ्यावं लागतं, इतके डोळे गेले तरी तू चष्मा करत नाहीस.

तुझी
बाई


इचलकरंजी
५ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाईस गुलाबचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं, पैसे मिळाले. तू लोकांच्या साड्यांना फॉल लावून मिळवलेले पैसे मला पाठवू नको. मी उपाशी नाही.

थोडी बाकी असली तर कोणी घरात शिरून पंखे मोजत नाही. खरा आकडा लिही. आपल्या दोन खोल्यांना एवढा टॅक्स येतोच कसा? शोभाताईचं घर आपल्याहून मोठं आहे, तिच्याकडे का कोणी येत नाही? तू काहीतरी लपवते आहेस. लहानपणीही तू गूळ खाऊन मला पुढे करायचीस.

या महिन्यापासून मी थोडे पैसे पाठवीन. दिवाळीत येणं जमणार नाही. कारखान्यात तेव्हाच काम जास्त असतं, माझ्याकडे चार माग आहेत, मालक सोडत नाही. तू वाट पाहू नको. ती साडीही रोज पुसत बसू नको. पुसून काय होणार आहे?

तुझा
गुलाब

ता. क. आत्या, मी दीक्षा. काका खालच्या खोलीत राहतात आणि मी वरच्या. त्यांची पत्रं मीच लिहिते. ते सांगतात तेवढंच लिहिते. हे वाक्य ते खोडायला सांगत आहेत, पण पेनाने लिहिलं गेलं आहे.


तांडापेठ, नागपूर
१४ सप्टेंबर २०२५

चि. गुलाब यास आशीर्वाद.

गूळ मी खाल्ला होता, कबूल. आता हेही कबूल करते.

नऊ वर्षांपूर्वी घरांची मोजणी करायला माणूस आला होता. समोरच्या खोलीत माग पाहून त्याने विचारलं, "माजी, माग चालू हाये का बंद?" मी म्हटलं, "काहून बंद राहीन? चालू हाये." त्याने लिहून घेतलं आणि तो गेला. तेव्हापासून समोरची खोली त्यांच्या कागदात धंद्याची आहे, आणि धंद्याच्या खोलीचा टॅक्स घराच्या कितीतरी पट असतो.

तू म्हणशील, खोटं का बोललीस. गुलाब, आपल्या घरात मागाला कधी कोणी बंद म्हटलं आहे का? बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तसे आबा माग निजला म्हणायचे. पावसात काम नसलं, घरात सुतक असलं, तरी माग निजला. तोंडातून दुसरा शब्द निघालाच नाही. आणि खरं सांगू? तेव्हा तू भाऊबीजेला येत होतास. बंद म्हटलं असतं तर मला वाटलं असतं, आपणच तुझ्या वाटेवरचं दार लावून घेतलं.

पुढे बिल आलं, त्यावर व्यवसाय असं लिहिलं होतं. वाचता येतं मला. मी जुन्या बिलाएवढेच पैसे दर वर्षी नेऊन देत राहिले. उरलेले साचत गेले, त्यावर व्याज चढत गेलं. आता तो आकडा माझ्या निराधार पेन्शनच्या आठ-दहा वर्षांएवढा झाला आहे. खरा आकडा मागितलास, हा घे.

हर्षा मॅडमनी मला ऑफिसात बोलावून सगळं समजावलं. मला नात असती तर तेवढ्या वयाची असेल. तिने घरचं लाइटबिल पाहिलं, त्यात धंद्याचा वापर नव्हता, आणि म्हणाली, "आजी, माग अकरा वर्षांपासून बंद हाये असं लिहून द्या. मी येऊन पाहून जाईन. खोली रहिवासी लिहिली की मागची बाकी घराच्या दराने नव्याने लागीन आणि राहिलेल्याचे हप्ते पाडून देता येतीन." पण खोलीत माग दिसता कामा नये, आणि घर आपल्या दोघांच्या नावावर असल्याने दोघांची सही लागते. ना तुला संसार, ना मला, म्हणून आबांनी घर दोघांचं केलं होतं. कागद सोबत पाठवते आहे. मी माझी सही केली आहे.

शेवटच्या भाऊबीजेला मी तुला म्हटलं होतं, "पाव्हण्यासारखा येतं आन् पाव्हण्यासारखा जातं." तो राग अजून आहे का तुझ्या मनात? असला तर तो तू माझ्यावर काढ, त्या साडीवर काढू नको.

तुझी
बाई


तांडापेठ, नागपूर
२९ सप्टेंबर २०२५

गुलाब,

पंधरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की शोभाताई आतूनच ओरडते, "नाही वं गोदूबाई, लाइटबिल हाये."

काल दारावर नोटीस चिकटवून गेले. ३१ ऑक्टोबरपर्यंत एक तर बाकी भरायची, किंवा तो कागद द्यायचा. नाहीतर घर लिलावाच्या यादीत जाईल. लाल अक्षरात लिहिलं आहे. येणारे-जाणारे थांबून वाचतात आणि मग मला तब्येत विचारतात.

रागावला असशील तर शिव्या लिही. पण कागदावर सही करून पाठव. माग गेला तर गेला, आबांचं घर जायला नको.

तुझी
बाई


इचलकरंजी
४ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाईस नमस्कार.

कागद पाठवत आहे. राग नाही. कामामुळे उशीर झाला. जे करायचं ते तू कर, मला विचारू नको.

गुलाब


तांडापेठ, नागपूर
११ ऑक्टोबर २०२५

गुलाब,

पाकीट मी उघडलंच नव्हतं. तसंच ऑफिसात घेऊन गेले. हर्षा मॅडमनी उघडलं, कागद पाहिला आणि विचारलं, "आजी, तुमच्या भावाले सही येत नाही का?"

मी म्हटलं, "काहून येत नाही? सातवी शिकला हाये तो. त्याच्या सहीतल्या ग ले अशी शेपटी राहाते का लोकं पाहात राहातेत." मॅडमनी कागद माझ्याकडे फिरवला. सहीच्या जागी निळा अंगठा होता.

मॅडमनी पाणी दिलं. मला आधी वाटलं, तू माझ्यावर रागावून अंगठा मारलास. मग वाटलं, डोळे. पण गुलाब, आंधळाही सही करतो. डोळे मिटून तू ताण्याची तुटलेली तार सांधायचास, तुला सहीला डोळे कशाला लागतात?

मग मी घरी येऊन तुझी सगळी पत्रं काढली. चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीपासून अक्षर दीक्षाचं आहे. चार वर्षांपासूनच तू आला नाहीस. मी मात्र चष्म्याचे पैसे पाठवत राहिले. किती बावळट असावं माणसाने?

तुझ्या हाताला काय झालं आहे?

कागद मॅडमकडे दिला आहे. २७ तारखेला त्या खोली पाहायला येणार आहेत, तोपर्यंत माग काढायचा. शोभाताईचा जावई खोलून देतो म्हणाला. पण ज्याने ताणा चढवला त्यानेच तो कापायचा, हे आबांचं सांगणं मी कसं मोडू? ब्लेड हातात घेऊन दोनदा मागापाशी गेले आणि परत आले.

मला चार माग, कारखाना, मालक काही सांगू नको. दीक्षा, बाळ, तूही ऐक. हे पत्र त्याला वाचायला दे आणि तो जे सांगेल ते लिही. काही सांगणार नसेल तर जे तुला दिसतं ते लिही.

बाई


इचलकरंजी
१५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाईस गुलाबचा साष्टांग नमस्कार.

दीक्षा समोर बसली आहे आणि सगळं लिहिणार म्हणते. तर मीच सांगतो.

उजव्या हाताची चार बोटं नाहीत. अंगठा आहे. चार वर्षांपूर्वी गणपतीनंतर यंत्रमागात हात गेला. चूक माझीच होती. धोटा अडकला तेव्हा माग थांबवायचा असतो, पण आपल्या घरच्या सवयीने मी चालू मागात हात घातला. आपला हातमाग माणूस पाहून थांबतो. यंत्रमाग थांबला नाही. तेव्हापासून मी त्याच कारखान्याच्या फाटकावर चौकीदार आहे. चार माग नाहीत, एक खुर्ची आहे.

तुला कळवणार होतो. पण तू प्रत्येक पत्रात लिहायचीस, साडी वीतभर राहिली आहे, ये. कोणत्या तोंडाने येणार होतो? तुला वाटायचं मी विणायला यावं, आणि मला विणता येत नव्हतं. तू पाव्हणा म्हणालीस त्याचा राग नव्हता ग बाई. तेवढा तरी पाव्हणा व्हावं म्हणून जीव तुटायचा. दर भाऊबीजेला इथल्या देवळात जाऊन बसायचो आणि घरी येऊन दीक्षाकडून लिहून घ्यायचो की कामात आहे.

डाव्या हाताने सही शिकायचा खूप प्रयत्न केला. कागदावर कावळ्याचे पाय उमटले. तुझा कागद पंधरा दिवस उशाशी ठेवला होता. अंगठा मारला तर तुला कळेल हे मला माहीत होतं. शेवटी म्हटलं, कळू दे.

ब्लेड ठेवून दे. ताणा मी चढवला, मीच कापीन, त्याला डावा हात पुरतो. तिकीट काढलं आहे. बावीस तारखेला सकाळी पोचतो. स्टेशनवर येऊ नको. मला घर सापडतं.

तुझा
गुलाब

ता. क. आत्या, मी काहीच वाढवलं नाही. दीक्षा.


तांडापेठ, नागपूर
२ नोव्हेंबर २०२५

चि. दीक्षा हिस गोदूआत्याचे आशीर्वाद.

तुझा काका पोचला. स्टेशनवर येऊ नको म्हणाला होता, म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. पांढऱ्या केसांचा एक माणूस पिशवी घेऊन, उजवा हात खिशात घालून आला. खिशातून हात काढायला त्याला संध्याकाळ झाली. मी तो हात दोन्ही हातांत घेतला आणि रडले, चांगली भोकाड पसरून रडले. त्याला ऐकू येत नाही म्हणून शेजाऱ्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळलं, तर ताटात घालायला त्याच्याकडे काही नव्हतं. म्हणाला, "उधार ठेव बाई." मग तो मागापाशी गेला, चादर काढली आणि माझ्या जागेवर, खड्ड्याच्या काठावर जाऊन बसला. मला खुणेने म्हणाला, तू खड्ड्यात उतर.

सदुसष्ट वर्षांची बाई मी, माझे गुडघे बोलतात. शोभाताईने एका बगलेला धरून मला खाली सोडलं. मागाच्या पावड्यांवर पाय ठेवले. दोन धोटे माझे आणि तिसरा, काठाचा, त्याचा. त्याने तो डाव्या हाताने टाकला. पहिल्या वेळी धोटा ताण्यात अडकला. दुसऱ्या वेळी खाली पडला. चौथ्या वेळी माझ्या हाताशी आला, आणि मी फणीचा ठोका दिला. ठोका त्याला ऐकू येत नाही, पण जमिनीतून पायाला कळतो. तो कळला तेव्हा त्याने माझ्याकडे जसं पाहिलं, ते मला लिहिता येत नाही.

वीतभर काम एका बैठकीत झालं असतं. आम्ही केलं नाही. दोन बोटं झाली की तो म्हणायचा, "आज पुरे," आणि मी लगेच हो म्हणायचे. दुसऱ्या दिवशी तेच. दोघांनाही ठाऊक होतं की साडी संपली की कापायची आहे. एक दिवस तर धोटा पुसण्यातच घालवला. अशाने सत्तावीस तारीख उजाडली आणि चार बोटं तशीच राहिली होती.

हर्षा मॅडम दहा वाजता आल्या. मी खड्ड्यात, गुलाब काठावर, आणि माग खटाखट चाललेला. त्या कागद हातात घेऊन दारातच थांबल्या. कागदावर आमचीच लिखापढी होती की माग अकरा वर्षांपासून बंद आहे. मॅडम कधी कागदाकडे पाहत, कधी आमच्याकडे. घर गेलं, असंच वाटलं.

"आजी," त्या म्हणाल्या, "मी काय लिहू? चालू हाये का बंद?"

नऊ वर्षांपूर्वी याच दारात मला हेच विचारलं होतं. मी म्हटलं, "आजच्या दिवस चालू हाये मॅडम. चार बोटं राहिली हाये. तुम्ही बसा. एवढी झाली का तो कापीन, मंग बंद लिहा."

तोंडातून शब्द निघाला. काही कोसळलं नाही.

मॅडमनी गुलाबच्या हाताकडे पाहिलं आणि त्या आबांच्या कपाटाला टेकून खाली बसल्या. जप्तीच्या यादीत त्यांनीच ते कपाट लिहिलं होतं. तासभर बसल्या. मध्ये त्यांना फोन आला तर म्हणाल्या, "तपासणी चालू हाये." शेवटचा धोटा गेला. गुलाबने डाव्या हाताने ब्लेड घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणा कापला. साडी सोडवून त्याने माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "घे. ओवाळणी फिटली." मग मॅडमनी कागदावर मागासमोर बंद असं लिहिलं.

ही साडी कोणी विकत घेणार नाही. उलगडली तर त्यात आठ ठिकाणी आडवे पुसट पट्टे आहेत. गुलाब कामाला गेला तेव्हा आणि मग दर वर्षी जिथे थांबलो तिथे धूळ आणि उजेड लागून रंग गेला. सात बारीक आहेत. आठवा चांगला रुंद आहे, चुकलेल्या चार भाऊबीजांचा. शोभाताई म्हणाली, धुऊन पाहा, जाईल. मी धुणार नाही.

माग खोलून माळ्यावर ठेवला. शोभाताईच्या जावयाने दोन हातगाड्या माती आणून खड्डा बुजवला. शुक्रवारी मॅडम पुन्हा येऊन पाहून गेल्या. खोली आता कागदात रहिवासी झाली आहे. बाकी बरीच उतरली, राहिलेल्याचे हप्ते पडले आहेत. फॉल लावून मी भरू शकेन इतके आहेत. दारावरची नोटीस गुलाबने पाण्याने भिजवून काढली, थोडी गोंदाची खूण राहिली आहे.

खड्डा होता तिथे मी खाट टाकली आहे. गुलाब तिच्यावर झोपतो. पहिल्या रात्री म्हणाला, इथे झोप लागत नाही. आता सकाळी आठपर्यंत उठत नाही.

तो आत्ता शेजारी बसून मला खुणा करतो आहे. म्हणतो, दीक्षाला लिही, पंधरा तारखेला कामावर परत येतो, मालकाला सांगून ठेव. तो सांगतो म्हणून लिहिलं.

तू मात्र त्याची पत्र्याची पेटी पाठवून दे.

तुझी
गोदूआत्या